अपडाउन म्हणजे घरी राहणे नव्हे

गेल्या आठवड्यात दादाचा फोन आला. दादा म्हणजे माझा थोरला चुलत भाऊ. गावी शेती करतो आणि दुपारनंतर अमळनेरला एका दुकानात हिशेब लिहितो. त्याची मुलगी यंदा बारावी झाली, सीईटीतही तिला चांगले गुण पडले, आणि आता प्रवेशफेरीचा ऑप्शन फॉर्म, म्हणजे महाविद्यालयांचा पसंतीक्रम, भरायचे दिवस तोंडावर आले आहेत. घरात दोन मते पडली आहेत. मुलीला पुण्याला संगणक अभियांत्रिकीला जायचे आहे. दादाचे म्हणणे असे, की अभियांत्रिकीची महाविद्यालये जळगावलाही आहेत, अमळनेरहून गाडी आहे, तेव्हा तिने घरीच राहावे आणि अपडाउन करावे. "घरचे खाईल, घरी झोपेल, आमच्या डोळ्यांसमोर राहील," तो म्हणाला, "आणि खर्च तो काय, रेल्वेच्या पासाचा. तू केलेच होतेस ना अपडाउन?"

केले होते. २०१३ साली रसायनशास्त्राच्या एम.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला असताना मी सुमारे साडेपाच महिने अपडाउन केले. दादाच्या त्या एका प्रश्नाचे उत्तर मला फोनवर नीट देता आले नाही, म्हणून ते येथे सविस्तर लिहीत आहे; त्याच्यासाठी, त्याच्या मुलीसाठी आणि आज खानदेशातल्या ज्या ज्या घरी हाच विषय चालला असेल त्या सर्वांसाठी.

माझे मत असे आहे, की आपल्याकडे हा प्रश्न मुळातच चुकीचा मांडला जातो. घरी राहायचे की बाहेर, असे आपण विचारतो, आणि अपडाउनला कसलाही विचार न करता 'घरी'च्या रकान्यात टाकून देतो. ज्याचे महाविद्यालय घरापासून पायी दहा मिनिटांवर आहे, तो विद्यार्थी घरी राहतो. माझी एक मैत्रीण अमळनेर शहरातलीच. प्रताप महाविद्यालयात बी.एस्सी.ला आम्ही एका बाकावर बसायचो. शेवटचा तास संपला की ती घरी जाऊन जेवून, घटकाभर पडून पुन्हा ग्रंथालयात येत असे. तिने बाहेरगावी राहावे असे मी कधीच म्हटले नसते. शिकायचा विषय गावातच चांगला शिकवला जात असेल, तर घर सोडण्यात काही मोठेपणा नाही. पण जी मुलगी पहाटे अंधारात निघते आणि रात्री अंधारात परतते, ती घरी फक्त झोपायला येते. तिच्या राहण्याला आपण घरी राहणे म्हणतो, ते केवळ तिचे अंथरूण तेथे आहे म्हणून.

आमचे गाव बोरी नदीच्या काठी, अमळनेरपासून नऊ किलोमीटर. अमळनेर ते जळगाव हे रेल्वेने सुमारे ५५ किलोमीटर. विद्यापीठ, ज्याला तेव्हा नुसते उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ म्हणत आणि २०१८ पासून ज्याला कवयित्री बहिणाबाई चौधरी यांचे नाव आहे, ते जळगाव शहराबाहेर गिरणेच्या काठी. कागदावर हे अंतर काहीच नाही. आई पहाटे चारला उठून चूल पेटवायची, कारण मला सव्वापाचला डबा हातात लागायचा. अण्णा, म्हणजे माझे वडील, मोटारसायकलवर स्टेशनला सोडायचे. गाडी वेळेवर असली तर तास-सव्वातास. पण उधना-जळगाव मार्गाचे दुहेरीकरण तेव्हा पूर्ण झालेले नव्हते, ते २०१८ मध्ये झाले, त्यामुळे टाकरखेड्याला म्हणा, धरणगावला म्हणा, समोरच्या गाडीला वाट देण्यासाठी आमची गाडी क्रॉसिंगला उभी राहायची आणि किती वेळ उभी राहील हे कोणालाच सांगता येत नसे. जळगावला उतरल्यावर शेअर रिक्षा भरेपर्यंत थांबायचे आणि मग महामार्गाने विद्यापीठात. जायला अडीच तास, यायला तीन. दिवसाला साडेपाच, आणि शनिवार धरून आठवड्याला तेहतीस तास.

गाडीत अभ्यास होतो, असे पुष्कळ जण सांगतात, आणि काही प्रमाणात ते खरेही आहे. महिलांच्या डब्यात आम्ही सात-आठ जणी रोजच्या होतो. त्यांत एक बँकेत नोकरीला असलेल्या बाई माझ्यासाठी खिडकीची जागा धरून ठेवत. डब्यात बसून व्याख्या पाठ होतात, तक्ते वाचता येतात, आवर्तसारणी डोळ्यांखालून घालता येते. परंतु अभिक्रियेची यंत्रणा पायरीपायरीने लिहून काढायची, चुकली की खोडून पुन्हा लिहायची, हे काम हलत्या बाकावर मांडीवरच्या वहीत होत नाही. परतीच्या गाडीत तर वही उघडण्याचेही त्राण उरत नसे.

सर्वांत मोठे नुकसान प्रयोगशाळेत झाले, आणि ते कोणत्याही गुणपत्रिकेत दिसत नाही, म्हणून जरा सविस्तर सांगते. पहिल्या सत्रात आम्हाला बेंझॉइनपासून बेंझिल तयार करायचे होते. नायट्रिक आम्ल घालून मिश्रण वाफेच्या पात्रावर तापवत ठेवायचे, तपकिरी धूर निघायचा थांबेपर्यंत थांबायचे, मग थंड पाण्यात ओतून पिवळा गाळ गाळून घ्यायचा आणि गरम अल्कोहोलात विरघळवून पुन्हा स्फटिक पाडायचे. या शेवटच्या पायरीला माणसाकडून फक्त एकच गोष्ट लागते, ती म्हणजे सवड. द्रावण हात न लावता हळूहळू निवू दिले, तर लांबट पिवळ्या सुया तयार होतात; घाईने बर्फात ठेवले, तर बारीक भुकटी मिळते. मला पावणेसहाच्या आत स्टेशनवर पोहोचायचे असे, म्हणून मी प्रत्येक वेळी बर्फ घेत असे. माझ्या नोंदवहीत उत्पादनाचे वजन बरोबर आहे, द्रवणांक जागच्या जागी आहे, सरांची सहीही आहे. पण स्फटिक कसे पडतात हे मी त्या सत्रात एकदाही पाहिले नाही. वसतिगृहातल्या मुली साडेसातपर्यंत प्रयोगशाळेत असायच्या. सर त्यांच्या टेबलाशी उभे राहून बोलायचे, आणि त्या बोलण्यात काय शिकवले गेले हे मला दुसऱ्या दिवशी ऐकीव कळायचे.

दिवाळीच्या आसपास आणखी एक गोष्ट स्पष्ट झाली. तो कापूस वेचणीचा हंगाम, आणि सत्र परीक्षाही त्याच दिवसांत. मजूर मिळेनात. घरच्यांनी मला कधी शेतात चल म्हटले नाही. पण सुटीच्या दिवशी आई एकटी ओटी बांधून निघाली आहे आणि मी खाटेवर वही घेऊन बसले आहे, हे मलाच सहन होत नसे, आणि मी उठून जात असे. मुलांचेही वेगळे नाही. शेतीची लाइट आठवडाभर रात्रीची असली की मोटार चालू करायला घरातला तरुण मुलगाच विहिरीवर जातो, मग त्याची उद्या परीक्षा असली तरी. यात घरच्यांचा दोष मी काढत नाही. घर म्हटले की घरातले काम आलेच, आणि जे डोळ्यांसमोर आहे ते हात न लावता बसून पाहणे कष्टकरी घरातल्या मुलांना जमत नाही. म्हणूनच 'डोळ्यांसमोर राहील' या शब्दांत दादाला जेवढा दिलासा वाटतो, तेवढा मला वाटत नाही. शिवाय ते साडेपाच तास मी कोणाच्या डोळ्यांसमोर होते? डिसेंबरातल्या थंडीत साडेआठला गाडी यायची, अण्णा दिवसभर शेतात राबून कानाला मफलर गुंडाळून स्टेशनबाहेर उभे असायचे, आणि गाडीला उशीर झाला तर तसेच दहापर्यंत उभे राहायचे.

डिसेंबरच्या शेवटी विद्यापीठाच्या मुलींच्या वसतिगृहात एक कॉट रिकामी झाल्याचे कळले. त्या रात्री अण्णांनी आपली हिशेबाची वही काढली. कापसाच्या पट्टीचे आकडे ते ज्या वहीत लिहीत, तिच्याच मागच्या पानावर त्यांनी मधोमध उभी रेघ मारली. एका बाजूला पास, रिक्षा आणि मोटारसायकलचे पेट्रोल, दुसऱ्या बाजूला वसतिगृहाचे शुल्क, मेस आणि महिन्यातून दोनदा घरी येण्याचे भाडे. दुसरी बाजू अर्थातच जड होती, जवळजवळ तिप्पट. ते काही बोलले नाहीत. मी त्यांच्या हातातले पेन घेतले आणि पासाच्या बाजूखाली 'आठवड्याला ३३ तास' असे लिहिले, आणि त्याखाली 'आईचे चारला उठणे' असे लिहिले. त्याची रक्कम काय लिहावी हे मला सुचले नाही, त्यांनाही सुचले नाही. बराच वेळ त्या पानाकडे पाहून त्यांनी विचारले, "तुले काय वाटस?" आमच्या घरात अहिराणीच बोलतात, आणि माझ्या शिक्षणाविषयी हा प्रश्न त्यांनी मला पहिल्यांदाच विचारला होता. जानेवारीत मी वसतिगृहात राहायला गेले.

तेथील माझी रूम पार्टनर धडगाव तालुक्यातली होती. या विद्यापीठाचे कार्यक्षेत्र जळगाव, धुळे आणि नंदुरबार असे तीन जिल्हे. त्याच्या एका टोकाला केळीच्या बागांतली रावेर-यावलची गावे आहेत आणि दुसऱ्या टोकाला सातपुड्यातले पाडे. तिच्या घरून तालुक्याच्या गावी यायलाच अर्धा दिवस मोडायचा. ती दिवाळीला आणि होळीला घरी जायची, आणि होळीसाठी मात्र काहीही झाले तरी जायचीच. घरी राहावे की बाहेर, हा प्रश्न तिला सातवीपासून कधी पडलाच नव्हता. आश्रमशाळा, मग शासकीय वसतिगृह, मग हे. मी रोज अमळनेरहून ये-जा करत होते हे ऐकून तिने अगदी सरळपणे विचारले, "मग तू अभ्यास कधी करायचीस?" आपली मुले शिकायला बाहेर राहतात ही खानदेशात काही नवी गोष्ट नव्हे. शंभर वर्षांपूर्वी अमळनेरच्या शाळेला छात्रालय होते आणि १९२४ ते १९३० या काळात तेथे शिक्षक असलेल्या साने गुरुजींनी त्या छात्रालयातल्या मुलांचे सारे काही आईच्या मायेने पाहिले. खेड्यातल्या मुलाला शिकायचे असेल तर त्याला शाळेजवळ राहायची जागा आणि दोन वेळचे जेवण लागते, हे तेव्हाच्या माणसांना पुरते कळलेले होते.

वसतिगृहाचे दिवस सुखाचे होते असा माझा दावा नाही. मेसची भाजी पाण्यासारखी असायची. घरच्या कळण्याच्या भाकरीची आणि ठेच्याची आठवण पहिल्या महिन्यात रोज यायची. ताप आला तेव्हा कपाळावर हात ठेवणारे कोणी नव्हते, धडगावची ती मुलगी सोडून. पण दुसऱ्या सत्रात, बहुधा फेब्रुवारीत, मी एका संध्याकाळी काचपात्र खिडकीच्या कट्ट्यावर तसेच ठेवून दिले आणि स्टुलावर बसून राहिले. सुमारे चाळीस मिनिटे काहीच झाले नाही. मग तळाशी एक सुई दिसली, तिच्या शेजारी दुसरी, आणि पाहता पाहता सगळे द्रावण पिवळ्या काड्यांनी भरून गेले. सर पाहून गेले आणि म्हणाले, "आता हे खरे बेंझिल." घड्याळात सात वाजून गेले होते, आणि मला कोठेही जायचे नव्हते.

आता आजीविषयी. दादाच्या मनातली खरी भीती मला ठाऊक आहे; मुलगी दुरावेल, घराची राहणार नाही, ही ती भीती. माझी आजी तेव्हा ऐंशीच्या पुढे होती आणि मी बी.एस्सी.ला असताना रोज संध्याकाळी ओट्यावर तिच्याजवळ बसायचे. दारात पाऊल ठेवले की तिचा पहिला प्रश्न "जेवनी का?" हा असायचा, मग दुपारचे चार वाजलेले असोत की रात्रीचे आठ. अपडाउन सुरू झाल्यावर मी घरी पोहोचायचे तेव्हा ती झोपलेली असे आणि निघायचे तेव्हा उठलेली नसे. त्या साडेपाच महिन्यांत एकाच छपराखाली राहून आमचे बोलणे जवळजवळ बंद झाले होते. वसतिगृहात गेल्यावर मी दर दुसऱ्या शनिवारी घरी यायचे. कोठेही जायची घाई नसे, वहीही बरोबर नसे. रविवारचा अख्खा दिवस मी तिच्या खाटेजवळ असायचे. तिच्या केसांना तेल लावायचे, तिच्या लग्नातल्या, दुष्काळातल्या, अण्णांच्या लहानपणीच्या गोष्टी ऐकायचे. माझे एम.एस्सी.चे दुसरे वर्ष संपण्याआधी ती गेली. तिच्या ज्या गोष्टी आज माझ्याजवळ आहेत, त्या बहुतेक सगळ्या त्या रविवारांच्या आहेत. मी घर सोडले नसते, तर त्या मला मिळाल्या नसत्या.

पैशाचा प्रश्न आजही खराच आहे, पण तो २०१३ सारखा राहिलेला नाही, आणि आमच्याकडच्या पालकांना हे अजून पुरेसे माहीत नाही असे मला शिकवताना रोज जाणवते. व्यावसायिक अभ्यासक्रमांत केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून प्रवेश घेणाऱ्या, आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक, सामाजिक व शैक्षणिक मागास वर्ग आणि इतर मागास वर्ग यांतल्या आणि कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न आठ लाखांपर्यंत असलेल्या मुलींना २०२४-२५ पासून शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क शासनाने पूर्ण माफ केले आहे. दादाची मुलगी त्यात बसते. म्हणजे तिच्यासाठी पुणे असो वा जळगाव, मोठा खर्च आता राहण्या-जेवणाचाच. त्यासाठी अल्पभूधारक शेतकऱ्यांच्या आणि नोंदणीकृत मजुरांच्या मुलांना डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता योजना आहे. अनुसूचित जातीच्या ज्या विद्यार्थ्यांना शासकीय वसतिगृहात जागा मिळत नाही, त्यांना स्वाधार योजनेतून पुण्या-मुंबईसारख्या शहरात वर्षाला ६०,००० रुपये मिळतात, इतर शहरांत त्याहून कमी. मात्र महाविद्यालय ज्या शहरात आहे तेथील रहिवासी असून चालत नाही. आदिवासी विद्यार्थ्यांसाठी स्वयम् योजना आहे, इतर मागास वर्गासाठी सावित्रीबाई फुले आधार योजना आहे. उत्पन्नाचा दाखला, अधिवास, जातवैधता आणि आधारशी जोडलेले बँक खाते एवढे आत्ताच तयार ठेवावे. आणि पहिला हप्ता पहिल्या महिन्यातच खात्यावर येईल असे गृहीत धरू नये. पहिल्या चार-पाच महिन्यांची तजवीज घरूनच करून ठेवावी.

राहता राहिला पुण्याचा प्रश्न. येथे मी दादाच्या मुलीच्या बाजूने पूर्णपणे उभी राहीन असे तिला वाटत असेल, तर ते तसे नाही. माझ्या वर्गातला एक मुलगा पुण्याला गेला. पाच जणांत एक खोली, भाडे भागवण्यासाठी रात्रीचे काम, आणि पहाटे झोप. दुसऱ्या वर्षी तो परतला. तासांचा हिशेब तेथेही करावाच लागतो. महाविद्यालय शहराच्या एका टोकाला आणि परवडणारी खोली दुसऱ्या टोकाला असेल, तर तेही अपडाउनच, फक्त घराशिवायचे. तिला मिळणारे महाविद्यालय जळगावच्या महाविद्यालयापेक्षा खरोखरच चांगले असेल आणि त्याच्याच आवारात मुलींचे वसतिगृह असेल, तर तिने अवश्य पुण्याला जावे. तसे नसेल, तर जळगाव घ्यावे, पण तेथेही वसतिगृहात राहावे आणि दर दुसऱ्या शनिवारी घरी यावे. तिच्या बोलण्यात अहिराणीचा हेल आहे आणि पुण्यात त्याला हसतील, ही काळजी तिने माझ्याजवळ बोलून दाखवली. पहिल्या वर्षी हसतील. आपली बोली तिने सोडू नये, एवढेच मी तिला म्हटले.

परवा शुक्रवारी मी धुळ्याहून रजा टाकून जळगावला जाणार आहे आणि ती दोघेही येणार आहेत. महाविद्यालय दुपारी पाहायचे आणि वसतिगृह संध्याकाळी, दिवे लागल्यानंतर. फाटकापासून वसतिगृहापर्यंतच्या रस्त्यावर उजेड आहे का, ग्रंथालय किती वाजेपर्यंत उघडे असते, मेसमध्ये त्या वेळी ताटात काय आहे, हे पाहायचे. मुलीला मी एक वही आणायला सांगितले आहे. दादाला एकच अट घातली आहे, की मोटारसायकलवर किंवा कोणाच्या गाडीतून यायचे नाही. वहिनीने पहाटे चारला उठून डबा करायचा, दोघांनी अमळनेरहून सकाळची रेल्वे पकडायची, आणि परतायचे तेही संध्याकाळच्याच गाडीने. पसंतीक्रम भरायला आपण शनिवारी बसू, असे ठरले आहे.